चिप आधी, लस नंतर

माझ्या चुकीमुळे अक्का नातीला न भेटता गेली.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो.

अक्का माझी मोठी बहीण. अकोल्यात राहायची. भाऊजी गेल्यावर घरात ती आणि बंड्या, दोघंच. बंड्या म्हणजे गल्लीतल्या कुत्रीचं काळं पिल्लू, तिनेच वाढवलेलं.

तिचा मुलगा प्रशांत जर्मनीत. त्याची मुलगी दीड वर्षाची. अक्काने तिला फक्त मोबाईलवर पाहिलेलं.

आई, आता इकडेच ये, असं तो कधीपासून म्हणत होता. अक्काची एकच अट. बंड्या सोबत येईल.

मी म्हटलं, त्याला माझ्याकडे अमरावतीला ठेव. तर म्हणाली,

"मानसाले सांगता येते दिनू, का मी जाऊन राहिली म्हणून. त्याले कसं सांगू? तो फाटकापाशी वाट पाहत बसन."

मग कागदपत्रांचं काम मी अंगावर घेतलं. प्रशांतने यादी पाठवली. मानेच्या कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, रेबीजची लस, रक्ताची टेस्ट, विमानातला पिंजरा, हेल्थ सर्टिफिकेट.

मी यादी वाचली. क्रम नाही वाचला.

आम्ही नांदगाव खंडेश्वरकडचे. गावात गुरांचा कॅम्प लागला की आधी सुई टोचतात, मग कानात पिवळा बिल्ला मारतात. मला वाटलं, चिप म्हणजे कुत्र्याचा बिल्ला. कधीही लागेल. बंड्याला लस देऊन मोकळा झालो.

महिन्याने रक्त द्यायला गेलो. डॉक्टरांनी त्याच्या मानेवरून मशीन फिरवलं आणि विचारलं, चिप कुठे आहे?

चिपच्या आधीची लस तिकडे धरत नाहीत. लस याच कुत्र्याला दिली, हे सिद्धच होत नाही.

म्हणजे सगळं पहिल्यापासून. चिप, परत लस, महिन्याने रक्त. आणि रक्त दिल्यावर तीन महिने थांबायचं.

दिवाळीत जायचं होतं. राहिलं.

परत येताना गाडी मी चालवत होतो. अक्का मागे बंड्याला मांडीवर घेऊन बसलेली.

"पन्नाशीले आला, पण म्हशीतून काही बाहेर नाही निघाला तू."

एवढंच बोलली, आणि हसली.

प्रशांतला तिने फोनवर सांगितलं की डॉक्टरांकडूनच उशीर झाला. माझं नाव घेतलं नाही. मी शेजारीच बसलो होतो. मीही काही बोललो नाही.

नंतर दर रविवारी मी अकोल्याला जायचो. बंड्याला पिंजऱ्याची सवय लावायची होती. चार वाजले की अक्का त्यात आपलं जुनं पातळ अंथरायची, त्याला आत बसवायची आणि बाजूला जपमाळ घेऊन बसायची. आधी पाच मिनिटं. मग अर्धा तास. मग तासभर.

ती लग्न होऊन गेली तेव्हा मी सातवीत होतो. त्यानंतर तिच्याजवळ इतका वेळ मी कधीच बसलो नव्हतो.

हे रविवार मला त्या चुकीनेच दिले. तिच्याकडून काय घेतलं, तेही मला माहीत आहे. देवापुढे बसलो की दोन्ही सोबतच आठवतं.

मार्गशीर्षात एका सकाळी देवाजवळ दिवा लावून उठताना तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

रक्ताचा रिपोर्ट लॅबमधून उशिरा, तेरवीच्या दिवशी आला. बंड्या पास होता.

आज सकाळी प्रशांतला फोन करून खरं ते सांगितलं. उशीर डॉक्टरांचा नव्हता बाळा, माझा होता.



तो म्हणाला, "बंड्या जेवते ना, मामा?"

जेवतो, म्हटलं.

बंड्या माझ्याकडेच आहे. पिंजऱ्याचं दार मी काढून टाकलं. तरी चार वाजले की तो आपणहून आत जातो आणि तिच्या पातळावर बसतो.

आज चार वाजता मीही त्याच्याजवळ खाली बसलो. त्याच्या मानेवर, चिप आहे तिथे, हात ठेवला. अक्का आता येणार नाही, हे त्याला सांगितलं. माणसाला सांगतात तसं, पूर्ण.

त्याने ऐकून घेतलं. उठला मात्र नाही.

मीही नाही उठलो.

अक्का, त्याले सांगितलं व मी. तू नीट जाजो.