दिवस भरले नाहीत

मला दुसरं मूल हवं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण या सगळ्या भानगडीत तेवढं एक सोडून बाकी सगळ्यावर चर्चा झाली. मुलगी सहा वर्षांची, मी पस्तिशीची, आणि डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघत बजावलं होतं की करायचं असेल तर आता करा, नंतर माझ्याकडे रडत येऊ नका. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं. तो मोबाइलवर मॅच बघत होता. "बघू न," म्हणाला, "पण तुले आता रजेचा पगार कुठून भेटणार? तू तर घरीच राह्यते."

घरीच राह्यते. आमच्या नागपुरात बाईबद्दल एवढं बोललं की तिची सगळी माहिती देऊन झाली. काय करते तुमची मिसेस? काही नाही, घरीच राह्यते. पहाटेचे डबे, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल, मुलीची शाळा, पाण्याचा टँकर, सिलिंडरवाला, नवऱ्याच्या मावसबहिणीच्या नणंदेचा साखरपुडा, हे सगळं त्या 'च'मध्ये कोंबलेलं असतं. मला त्या 'च'ची शिसारी येते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोनवर कोणी विचारलं की माझ्याही तोंडून तेच निघतं.

तसं म्हटलं तर रजेच्या पगाराचं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. लग्नाआधीपासून मी मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत एचआरला होते आणि बाळंतपणाच्या रजेचे अर्ज तपासणं हे माझंच काम होतं. नियम तोंडपाठ. बाळंतपणाची जी तारीख दिली असेल तिच्या आधीच्या बारा महिन्यांत बाईने ऐंशी दिवस काम केलेलं असलं पाहिजे, मग पगारी रजा. ऐंशी म्हणजे ऐंशी, एकोणऐंशी चालायचे नाहीत. हजेरी काढायची, बोट फिरवायचं, आणि हो किंवा नाही सांगायचं. त्या बोटाचा मला तेव्हा फार तोरा होता.

एकदा पॅन्ट्रीत चहा करायला नवीन लागलेली एक बाई अर्ज घेऊन आली. पोट चांगलंच पुढे आलेलं, चालताना टेबलाला धरत होती. मी हजेरी मोजली आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "ताई, तुमचे दिवस भरले नाहीत." ती घाबरली. पोटावर हात ठेवून म्हणाली, "असं कसं म्हणता मॅडम? डॉक्टरनं तं नववा लागला म्हून सांगतलं."

अख्खं ऑफिस खो खो हसलं. मीही हसले. पुढे कितीतरी दिवस आम्ही तो किस्सा नवीन आलेल्या मुलींना सांगायचो, अगदी तिचा आवाज काढून. तिला रजा मिळाली नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ती आलीच नाही, आणि तिचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही. चहाला दुसरी बाई लागली. आता आठवलं की मला माझी स्वतःची किळस येते, कारण त्या खोलीत बाळंतपणाबद्दल बरोबर बोलणारी ती एकटीच होती.

माझी स्वतःची रजा मात्र अलगद मंजूर झाली होती. रजा संपल्यावर कामावर परतलेसुद्धा. पण मुलगी सारखी आजारी, सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले, आणि नवऱ्याने फार समजूतदारपणे सांगितलं की आता एकाने घरी थांबावं. एकाने म्हणजे कोणी, हे सांगायची त्याला गरज वाटली नाही. मलाही विचारावंसं वाटलं नाही. राजीनाम्याच्या दिवशी ऑफिसने केक कापला. मी टाळ्या वाजवल्या.

तर आता दुसऱ्या बाळाची गोष्ट निघाली आणि घरात पात्रता तपासणी सुरू झाली. सासूबाईंना भिशीत कोणीतरी सांगितलं होतं की घरी राहणाऱ्या बायांनाही सरकार काहीतरी देतं. म्हटलं, चला, तेही बघू. अंगणवाडीत गेले. तिथली सेविका बिचारी चांगली होती, लेकरांना उसळ वाढता वाढता माझ्याशी बोलली. कोणकोणते कागद लागतात ते सांगितलं, आणि मग जरा ओशाळून म्हणाली की पहिल्या वेळेचं वेगळं, पण दुसऱ्या वेळेला मुलगी झाली तरच मिळतं.

हे मी संध्याकाळी घरात सांगितलं तेव्हा सासूबाई माझ्या मुलीची वेणी घालत होत्या. त्यांनी रिबिनीची गाठ मारली आणि म्हणाल्या, "म्हंजे पोरगी झाली तं सरकार नुकसानभरपाई देते." नवरा हसला. सासूबाई वाईट नाहीत हो. त्या नातीवर जीव टाकतात, तिच्या आवडीचा गोडाचा शिरा माझ्या आधी त्यांना आठवतो. तेच तर. दुष्ट बाईने म्हटलं असतं तर मी भांडले असते. इथे मायेने वेणी घालता घालता, तिच्याच डोक्यावरून, ती म्हणजे नुकसान असं बोलून झालं आणि कोणाला काही खटकलं नाही. मुलीने विचारलं, नुकसानभरपाई म्हणजे काय? मी म्हटलं, उद्याच्या शाळेची तयारी कर.

त्या रात्री जेवताना नवऱ्यानेच तोडगा काढला. म्हणाला, तूच तर सांगत होती ऐंशी दिवसांचं. मग लाग न कुठंतरी. ऐंशी दिवस भर, रजा घे, पगार घे, अन् मग वाटलं तर सोड. इतका खूश झाला स्वतःवर, की अजून एक पोळी मागितली. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट पोटात आशेने गुदगुल्या झाल्या, हो, खोटं कशाला सांगू. काय चुकीचं होतं त्यात? कायदा माझ्या बाजूने होता. आणि नोकरी मिळाली की त्याचं 'बघू न' संपणार होतं, मग बाळाला कोणाची आडकाठी नव्हती. निदान मला तसं वाटत होतं. नाव काय ठेवायचं इथपर्यंत मी मनात जाऊन आले.

पंधरा दिवसांत आमच्या मनीषनगरातच एका खाजगी शाळेच्या ऑफिसमध्ये जागा निघाली. घरापासून स्कूटीने पाच मिनिटं. साडीला इस्त्री केली, जुनी सर्टिफिकेटं काढली, गेले. संचालिका बाई फार गोड. पाणी दिलं, माझा मिहानचा अनुभव बघून वाहवा केली. मधली वर्षं काय केलं, विचारलं. मी म्हटलं, घरीच होते. घ्या, परत तो 'च'.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी मैत्रिणीसारखं हसून विचारलं, "फॅमिली कम्प्लीट झाली न तुमची?"

हा प्रश्न आमच्या कंपनीतही विचारला जायचा. आम्ही तो जरा आडून विचारायचो, एवढंच. बाईंनी समजावून सांगितलं. एका वर्षात त्यांच्या दोन शिक्षिका लागल्या आणि लगेच रजेवर गेल्या. शाळेचं किती नुकसान होतं, पालक किती बोलतात. त्या स्वतः दोन लेकरांची आई आहेत, त्यांना बायकांचं सगळं समजतं. "म्हणून आता आम्ही लिहूनच घेतो," म्हणाल्या, आणि एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मजकूर त्या सांगणार, मी माझ्या हाताने लिहायचं.

मी लिहिलं. 'मी लिहून देते की माझे कुटुंब पूर्ण झालेले आहे. मला यापुढे अपत्य नको आहे. हे मी कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून देत आहे.' असल्या कागदाला कायद्यात दमडीची किंमत नाही हे मला त्या बाईंपेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणूनच तर एका दमात लिहून काढलं. खाली सही केली, तारीख टाकली. बाईंनी कागद उचलून बघितला आणि म्हणाल्या, "अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं." एक झेरॉक्स काढून मला दिली, मूळ कागद फाइलीत लावला. सोमवारपासून या म्हणाल्या.

बाहेर येऊन स्कूटीला किल्ली लावली आणि मळमळायला लागलं. बाईच्या जातीला मळमळलं की आधी तारीख आठवते. तसलं काही नव्हतं. ती निव्वळ घाण वाटत होती: त्या गोड हसण्याची, त्या राजीखुशीची, आणि माझी तर सगळ्यात जास्त. जे बाळ अजून पोटातही नाही, त्याच्यासाठी रजा मिळावी म्हणून मी सही करून सांगून आले होते की ते मला नको आहे. शेजारच्या पाणीपुरीवाल्याच्या बादलीतलं पाणी तोंडावर मारलं. तो म्हणाला, ताई, बसा थोडं. बसले नाही.

संध्याकाळी नवरा आला. सासूबाई मुलीला घेऊन खाली बागेत गेल्या होत्या. मी चहा ठेवला आणि झेरॉक्स त्याच्या समोर टाकली. मनात सगळं ठरलेलं होतं. तो वाचेल, त्याचं डोकं सरकेल, हे काय लिहून घेतात का, म्हणेल, असली नोकरी गेली खड्ड्यात, म्हणेल. निदान मला शिव्या देईल. तोंडाने बडबडला तरी तो माझ्या बाजूने बडबडेल, एवढी खात्री होती. बारा वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी गृहीत धरतो.

त्याने कागद वाचला. पुन्हा एकदा वाचला. चेहरा हळूहळू सैल झाला, बऱ्याच दिवसांनी असा दिसला. चहा घेतला, एक घोट प्यायला.

मी म्हटलं, "खोटं लिहून आली मी. सही करून."

"खोटं काय आहे वं त्याच्यात?" तो म्हणाला.

रागाने नाही, थट्टेनेही नाही. खरंच विचारत होता. मग त्याने कागदाची नीट घडी केली, कपाटातली घराच्या कागदांची फाइल काढली आणि तो त्यात ठेवून दिला. मी गॅसजवळ उभी राहून बघत होते. रजा, पगार, ऐंशी दिवस, हे सगळं त्याने एकेक करून पुढे टाकलं होतं आणि मी शहाणी प्रत्येकामागे धावत सुटले होते. त्याला दुसरं मूल कधी नकोच होतं. फक्त नाही म्हणायचं कामसुद्धा त्याने माझ्याकडूनच करून घेतलं.