वरणाच्या रंगाचं कापड

सिडकोत माझं घरसजावटीचं छोटं दुकान आहे. मी नकाशे काढते, सलीमभाई सुतारकाम बघतात. गिऱ्हाईक बोलावतं ते "सोफा जरा हलवायचाय" म्हणून. पण सोफ्यामागं काय निघेल सांगता येत नाही. हरवलेली चावी निघते, पोरांचा एक मोजा निघतो आणि बहुतेक वेळा एखादा किस्सा. असे इतके साठलेत की दुपारच्या चहाला आम्हा दोघांना पेपर लागत नाही.

*

गारखेड्यात एक नवं जोडपं होतं, दोघंही वाळूजला कंपनीत. त्यांना हॉलमध्ये सगळं पांढरं हवं होतं. सोफा, पडदे, गालिचा, सगळंच.

मी म्हटलं, "उद्या लेकरंबाळं झाली म्हणजे?"

"मॅडम, तो विचार आम्ही एवढ्यात करणारच नाही. पांढरंच करा."

केलं. लई देखणा झाला हॉल. त्याचे फोटो आजही मी लोकांना दाखवते.

काही वर्षांनी त्या जोडप्यातल्या मुलीचा फोन आला. मागं एक लेकरू भोकाड पसरत होतं, दुसरं खिदळत होतं. तिनं नमस्कार-चमत्कारात वेळ घालवला नाही.

"मॅडम, वरणाच्या रंगात काही कापड आहे का?"

*

कचरूमामा एसटीचे ड्रायव्हर. जन्म गंगापूरच्या रस्त्यावर गेला. निवृत्त झाले आणि बीड बायपासला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मुलानं हौसेनं आरामखुर्ची आणली, टीव्हीसमोर मांडली. मामा खुर्चीत बसायचे, पण बोलणं बंद झालं. जेवण अर्ध्यावर आलं. मुलगा हबकला. दवाखाने झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी म्हणाला, "ताई, खोलीचा रंग तरी बदलून बघा."

मी थेट मामांनाच विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

"बाई, जन्मभर मोठ्या काचंमागं बसलो. हितं समोर भिंत हाय."

रंग राहू दिला. सलीमभाईंनी माणसं लावून रस्त्याकडची खिडकी मोठी केली, पार गुडघ्यापर्यंत खाली आणली. खुर्ची तिच्यासमोर ठेवली. नंतर मी पडद्याचं माप घ्यायला गेले, तर मुलगा दारातच म्हणाला, "आता ते गप्पच बसत नाहीत."

आतून मामांचा आवाज आला, "ह्या रिक्षावाल्याला लायसन कुणी दिलं रं?"

*

माझंच सांगते. आई वैजापूरला राहायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला माझ्याकडं आणलं. माझ्या घरची फरशी म्हणजे माझी शान. आरशासारखी, उभं राहून तोंड बघावं अशी. आई उंबऱ्यात वॉकर धरून थांबली, ती पाऊल टाकेना.

"आई, ये ना आत."

"आधी पाणी पुसून घे."

कोरडी फरशी मी दोनदा पुसून दाखवली. तिचा विश्वास बसेना. शेवटी सगळ्या हॉलभर खरबरीत जाड पट्ट्या अंथरल्या, कडा चिकटवून टाकल्या. आई ठामपणे चालत आत आली, सभोवार बघितलं आणि म्हणाली, "आता घर वाटतंय. इतके दिवस शोरूममध्ये राहत होतीस व्हय?"

*

औरंगपुऱ्यातल्या जाधवबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा पुण्यात नोकरीला, तिथंच त्यानं फ्लॅट घेतला. इथली त्याची खोली मात्र जशीच्या तशी होती. पलंग, क्रिकेटचे कप, भिंतीवर पोस्टर. बाईंनी मला बोलावून सांगितलं, "हे सगळं काढा. मला तबला शिकायचाय."

दिवाळीला मुलगा आला. दारातच थबकला.

"आई, माझी खोली?"

"पुण्याला आहे ना तुझी."

"मग मी झोपू कुठं?"

"हॉलमध्ये झोप. फक्त सकाळी लवकर ऊठ, माझा रियाज असतो."

*

आणि सिडकोतल्याच एन-सात भागातल्या शोभाकाकू. काका जाऊन वर्ष झालं होतं. घरात सागवानी डबल बेड, लग्नातला. काकूंनी सलीमभाईंना सांगितलं, "हा मोडा. ह्याचा झोपाळा करा."

काकांचे धाकटे भाऊ तिथंच बसले होते. त्यांचा आवाज चढला. "वहिनी, दादाचा पलंग आहे तो. लोक काय म्हणतील?"

"लोक झोपायला येतात का इथं, भाऊजी?"

भाऊजींचा चेहरा उतरला. सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी काकूंकडं. काकू म्हणाल्या, "झोप येत नाही त्याच्यावर. इकडं सरकलं तरी येत नाही, तिकडं सरकलं तरी येत नाही. मोडा तुम्ही."

सलीमभाईंनी अगदी जीव ओतून काम केलं. पलंगाच्या डोक्याकडचं नक्षीकाम तसंच झोपाळ्याच्या पाठीला घेतलं. पितळी कड्या लावल्या. ज्या दिवशी टांगला त्या दिवशी भाऊजीही आले. नको म्हणत होते, तरी आले. कोपऱ्यात चहाचा कप धरून उभे राहिले.

सलीमभाई म्हणाले, "भाभी, दोन माणसांचा झोपाळा आहे. एकट्यानं एका बाजूला बसलं तर कलेल."

"कळलं," काकू म्हणाल्या.

आणि त्या बरोबर मधोमध बसल्या. पदर सावरला. पाय वर उचलून घेतले.

"भाऊजी, जरा झोका द्या."

भाऊजींनी कप खाली ठेवला.