उंदरांसह सर्वांचे आभार

पनवेलमध्ये गेल्या तीस वर्षांत जो कुठला कार्यक्रम संपला, तो आमच्या वरच्या काकांनी संपवला. सुरू कुणीही करो. दीपप्रज्वलनाला आमदार येत, अध्यक्षपदाला निवृत्त प्राचार्य येत, वक्ते पुण्याहून येत आणि उशिरा येत. पण काका माइक हातात घेऊन, घसा खाकरून, "आता एक गोड जबाबदारी माझ्याकडे आली आहे" असं म्हणाले की लोक चपला शोधायला लागत. चपला लवकर सापडल्या तर पंचाईत, कारण गोड जबाबदारी पाऊण तास चाले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि ते तिसऱ्यावर, म्हणून ते वरचे काका. नोकरी तळोज्याच्या एका रासायनिक कारखान्यात, सुरक्षा विभागात. तिथे दर वर्षी सुरक्षा सप्ताहाचा समारोप करता करता त्यांना आभाराचा नाद लागला तो लागलाच.

"आभारात एकही नाव राहता कामा नये," हे त्यांचं तत्त्व. माइकवाला, मांडववाला, सतरंज्या घालणारे, त्या उचलणारे, हार आणून देणारा रिक्षावाला, सगळे नावानिशी. एकदा वाचनालयाच्या व्याख्यानात वीज गेली नाही म्हणून ते वीज मंडळाचे आभार मानत असतानाच वीज गेली. काकांनी अंधारात, माइकशिवाय, मघाचे आभार जाहीरपणे परत घेतले. जवळच्या कोन गावात त्यांच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. तिथे आभारप्रदर्शन कुणी ठेवलंच नव्हतं, तरी काका उठले. यादी तांदूळ निवडणाऱ्या बायकांपर्यंत आली तेव्हा मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "काका, तुमी बोला, बोलायला आमचं काय नाय. पन पयलं लोकांना जेवू द्या, मटन थंड व्हतंय." काकांनी त्याचेही आभार मानले, वेळेवर आठवण करून दिल्याबद्दल.

एवढ्या नावांत काकूंचं नाव कधी आलं नाही, हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या पिढीची रीतच तशी. घरात "अगं", बाहेर "आमच्या घरी". दारावरच्या पाटीवर काकांचं नाव, आम्हा सगळ्यांच्या तोंडी नुसतं काकू. दहा वर्षं मी त्यांच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या, पण नाव विचारावं असं मलाही सुचलं नाही.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी काकूंच्या बोटांनी संप पुकारला. सकाळी मूठ मिटेना, कुकरचं झाकण लागेना, भाकरी थापणं तर बंदच झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हा वयाचा संधिवात नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच उलटून स्वतःच्या सांध्यांवर हल्ला करते आहे. काकांना हे अजिबात पटलं नाही. "म्हणजे सोसायटीच्या वॉचमननेच आपल्या घरात चोरी करायची?" असं ते मला जिन्यात थांबवून विचारू लागले. जन्म सुरक्षा विभागात गेलेल्या माणसाला हा शिस्तभंग सहन होणं शक्यच नव्हतं. वॉचमन बिघडला कसा, याची चौकशी त्यांनी स्वतःकडे घेतली.

मी खारघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. त्यामुळे इंटरनेटच्या पोटात काय काय आहे ते मला ठाऊक असतं, असा काकांचा समज होता. तेव्हा आमच्या इमारतीत ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं आणि जगभरच्या प्रतिकारशक्तीच्या शास्त्रज्ञांनी ऑनलाइन परिसंवाद भरवायला सुरुवात केली होती. प्रयोगशाळेत उंदरावर जे साधलं ते रुग्णापर्यंत कसं आणायचं, यावर ही मंडळी तासन्‌तास बोलत. नावनोंदणी फुकट होती. मी कौतुकाने एक अर्ज उघडून दिला आणि स्वयंपाकघरात काकूंशी बोलायला गेले. परत येऊन बघते तर 'संस्था' या रकान्यात काकांनी आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचं नाव, मर्यादित या शब्दासकट, नोंदणी क्रमांक घालून लिहिलं होतं. पदाच्या रकान्यात 'माजी चिटणीस'. अर्ज स्वीकारला गेला. पुढे चार वर्षं युरोपातल्या कित्येक विद्वानांची अशी समजूत असावी की पनवेलला गच्चीच्या गळतीसाठी प्रसिद्ध अशी एक संशोधन संस्था आहे.

परिसंवाद आपल्याकडच्या दुपारी दोनला सुरू होई. काका दीडला आंघोळ करत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा तसाच ठेवत आणि संगणकासमोर ताठ बसत. श्रोते त्या पडद्यावर कुणालाच दिसत नाहीत, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. "त्यांना मी दिसत नाही, पण मला ते दिसतात ना," असं म्हणून ते वरचं बटण लावत. शेजारच्या खुर्चीवर काकू. दर भाषणानंतर काका त्यांना मराठीत सारांश सांगत, आणि तो नेहमी एकच असे: "उंदीर बरे झाले." कार्यक्रमपत्रिकेत कॉफीची सुट्टी लिहिलेली असे, त्या मिनिटाला घरात कॉफी लागे. काकूंच्या हातून कप सांडायचा म्हणून ती काका स्वतः करत आणि इतकी वाईट करत की काकूंना परिसंवादात सर्वांत जास्त त्रास त्याच वेळी होई.

पहिलाच परिसंवाद संपला तेव्हा अध्यक्षबाई "थँक यू, बाय" म्हणाल्या आणि पडदा काळा झाला. काका हबकलेच. "अगं, आभार न मानताच उठले हे लोक! एवढी शिकलेली माणसं!" म्हणाले. पुढच्या वेळेपासून ही उणीव त्यांनी भरून काढली. शेवटचा वक्ता बोलत असतानाच ते प्रश्नांच्या चौकटीत इंग्रजी आभार टंकायला घेत. चौकटीत अक्षरं मोजकीच मावत, म्हणून आभार सहा-सात तुकड्यांत जात. वक्ते, अध्यक्ष, तंत्रज्ञ, दुभाषे, तिकडची वीज कंपनी, औषध टोचून घेणारे अनाम रुग्ण, आणि शेवटी 'ज्यांच्याविना हा सोहळा पार पडला नसता ते उंदीर'. अशाच एका समारोपात त्या अध्यक्षबाई हसू आवरत म्हणाल्या की उंदरांच्या वतीने आपण पनवेलचे ऋणी आहोत. काकांनी हे वाक्य सोसायटीच्या फलकावर लिहिलं.

उंदरांचं हे प्रेम पुढे आम्हाला भोवलं. तळमजल्यावर मीटरच्या खोलीत खरेखुरे उंदीर झाले होते आणि वार्षिक सभेत औषध घालायचा ठराव आला. काका विरोधात उभे राहिले. "ज्यांच्या जिवावर उद्या आपल्या घरातली माणसं बरी होणार, त्यांना विष घालायचं?" असा त्यांचा सवाल. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काका, तुमचे उंदीर परदेशातले हो! इकडचे माझी गादी खातायत." ठराव बहुमताने संमत झाला. काकांनी त्या सभेचं आभारप्रदर्शन केलं नाही, त्यामुळे ती सभा माझ्या मते अजून चालू आहे.

आणि मग एक दिवस उंदीर मागे पडले. मुंबईच्या ज्या रुग्णालयात काकू दाखवायला जात, तिथे एका नव्या इंजेक्शनची चाचणी सुरू होणार होती. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही. डॉक्टरांनी काकूंना विचारलं. चार वर्षं अनाम रुग्णांचे आभार मानणाऱ्या आमच्या काकांनी ताबडतोब नकार दिला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावून घेतलं, आपली बाजू घ्यायला. "उंदरांचं ठीक आहे गं," ते म्हणाले, "पण ही? मिठाचं पाणी मिळालं तर तेवढ्या महिन्यांत बोटं वाकतील, आणि वाकलेली परत सरळ होत नाहीत. मी ऐकलंय सगळं." ते खरंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि एवढी वर्षं काकूंना सांगताना फक्त उंदीर बरे केले होते.

काकू शांतपणे पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही दर वेळी ज्यांचे आभार मानता, ती इंजेक्शनं घेणारी माणसं, ती कोण होती? कुणाच्या तरी बायकाच ना? त्यांचे नवरे नाहीच म्हणाले असते, तर तुम्ही आभार कुणाचे मानले असते?" आयुष्यात माइक हातातून गेल्यासारखे काका प्रथमच दिसले. "सही मी करणार," काकू म्हणाल्या. "अंगठा म्हणाल तर तोही येईल, तो अजून शाबूत आहे."

संमती देताना तिथे चित्रीकरण करतात. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि कॅमेरा सुरू होताच घसा खाकरू लागले, तेव्हा त्यांना नम्रपणे बाहेर बसवण्यात आलं. काकूंना एक नंबर मिळाला. कागदोपत्री त्या आता तेवढ्याच होत्या, नाव कुठेच नाही. काकांना याचा फार राग आला. "सतरंज्या उचलणाऱ्याचंही नाव घेतो आपण," ते मला म्हणाले. पुढचे सहा महिने त्यांनी एकही परिसंवाद पाहिला नाही. रोज सकाळी काकूंना मूठ मिटायला लावत आणि किती मिटली ते बघून कॉफी करायला जात. कॉफी जरा सुधारली, एवढंच त्या काळाबद्दल चांगलं सांगता येईल.

चाचणी संपली आणि कुणाला काय मिळालं त्याचे लिफाफे उघडले. काकूंना मिठाचं पाणी मिळालं होतं. तोवर उजव्या हाताची दोन बोटं वाकून गेली होती. नंतर त्यांनाही खरं औषध सुरू झालं, उरलेली आठ बोटं वाचली, कुकरचं झाकण लागू लागलं; पण ती दोन तशीच राहिली. काकूंनी कधी तक्रार केली नाही. "आमच्याशी ताडून बघितलं म्हणूनच कळलं ना, औषध चालतं ते," असं मात्र त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐटीत सांगत.

पुढच्या वर्षी त्या चाचणीचे निष्कर्ष एका ऑनलाइन परिसंवादात मांडले गेले. काकांनी मलाही बोलावलं. पडद्यावर एक आलेख आला, त्यात निळे ठिपके आणि करडे ठिपके. एक ठिपका म्हणजे एक रुग्ण, करडे मिठाच्या पाण्याचे. काकू चष्मा लावून पुढे झाल्या आणि एका करड्या ठिपक्यावर वाकडं बोट ठेवून म्हणाल्या, "ही बहुतेक मी." शेवटी आभाराचं पान आलं. एवढ्या वर्षांत असं पान मी पहिल्यांदाच बघत होते. त्यात रुग्णालयं, कंपनी, विद्यापीठं सगळी नावानिशी होती आणि तळाला एक ओळ: सहभागी रुग्णांचे आभार. काकांनी लगेच चौकटीत लिहिलं, 'कृपया रुग्णांची नावं वाचून दाखवावीत.' त्यांचा प्रश्न चक्क वाचला गेला. वक्ते दिलगिरीने म्हणाले, रुग्णांची नावं गुप्त ठेवावी लागतात, ती आम्हालाही माहीत नाहीत. मग "थँक यू, बाय" आणि पडदा काळा झाला.

काका उठले. शर्ट खाली ओढला, घसा खाकरला. मला वाटलं, आता पाऊण तासाची निश्चिंती. ते काळ्या पडद्याकडे पाठ करून काकूंच्या समोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "सुलोचना." पुढचे शब्द येतील म्हणून मी वाट बघत राहिले, पण ते आलेच नाहीत. आभारप्रदर्शन तेवढंच होतं.

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बसा आता," त्या म्हणाल्या, "आज कॉफी मी करते."