तारमास्तरांचा आंधळा गडी

तारमास्तरांच्या संगणकावर एकही चित्र नव्हतं. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. माउस त्यांनी पहिल्याच दिवशी उपटून खिडकीत ठेवला. बोटीवर बिनतारी संदेशांच्या खोलीत त्यांनी तीस वर्षं काढली होती, म्हणून सगळं जामसंडे गाव त्यांना तारमास्तर म्हणायचं. निवृत्त झाल्यावर ते आमच्या बागेच्या आंब्याच्या ऑर्डरी बघायला येऊ लागले. मुंबईची गिऱ्हाइकं ईमेल करायची, माझा मुलगा तिकडून फोनवर हुकूम सोडायचा, आणि मधे मास्तर.

प्रत्येक मेल ते दोनदा वाचत, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग ती ‘ठेव’ नावाच्या कप्प्यात जपून ठेवत. टेम्पोच्या दिवशी त्यातली एकेक उघडून उभ्या दांडीची ‘|’ कळ दाबत, स्वतः लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, म्हणजे स्क्रिप्टचं, नाव लिहीत, की मेल स्क्रिप्टच्या हातात जाई. स्क्रिप्ट पेटीवरची नाव-पत्त्याची चिठ्ठी छापी आणि गिऱ्हाइकाला उत्तर धाडी, ‘आंबे निघाले.’ तिला ते गडी म्हणत.

“वयनी, ह्यो गडी आंधळो आसा. दिलास ता करतलो. वाचूचा काम आपला.”

माझी शाळा चौथीपर्यंत. तरी मला त्यांनी हे शिकवलं, दांडीच्या कळेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून दिला. मी चुकले तर रागावत नसत. “माझी तीस वर्षांत एक तार चुकाक नाय,” एवढंच म्हणत. हे ते टेम्पोवाल्यालाही ऐकवत, न्हाव्यालाही. मला कंटाळा यायचा. बायको नाही, मूल नाही, त्या माणसाकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

एकदा ते दोन दिवस विजयदुर्गला बहिणीकडे गेले. टेम्पो चारला येणार होता. कप्प्यात चाळीसेक मेल. सगळ्यांवर एकदम खूण करून गड्याकडे देता येतात, हे मी त्यांना करताना एकदा पाहिलं होतं. मी तेच केलं. एकही वाचली नाही. चिठ्ठ्या भराभर आल्या, बायकांनी पेट्यांना चिकटवल्या, टेम्पो गेला. मी स्वतःवर खूश होते.

त्यातली एक मेल ऑर्डर नव्हती. एका बाईने नवऱ्याच्याच ईमेलवरून लिहिलं होतं, यजमान गेले, त्यांची पेटी पाठवू नका. परत आल्यावर तिला नीट उत्तर लिहायचं म्हणून मास्तरांनी ती ठेवली होती. पेटी तेराव्याला पोचली, गेलेल्या माणसाच्या नावाने.

मास्तर परत आले त्याच सकाळी मुलाचा फोन आला. स्पीकरवर होता. मास्तर समोर बसलेले.

“आई, त्या बाईंकडे पेटी कोणी पाठवली?”

“मास्तरांनी,” मी म्हटलं. ते विजयदुर्गला गेले होते हे मुलाला माहीत नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोनकडे वाकून म्हणाले, “होय रे. माझ्याच हातसून गेली.”

“उद्यापासून येऊ नका,” मुलगा म्हणाला.

उठण्याआधी म्हणाले, “वयनी, गड्याक एक गोष्ट शिकवून जातंय.” दहा मिनिटं टाइप केलं आणि गेले.

“काय मास्तर, मेल्या माणसाक आंबे धाडलात?” वाण्याच्या दुकानात कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, मास्तरही हसले. मी तिथे पोहे घेत होते. पोहे घेऊन घरी आले. तीस वर्षांचं ते वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

गेल्या पौषात ते गेले. मोहर आला की मुलाला खरं सांगू, असं मी दरवर्षी ठरवायचे. असे चार मोहर गेले.

आता मेल मीच गड्याकडे देते. दांडी दाबली की त्यांनी त्या दिवशी घातलेला प्रश्न पडद्यावर येतो, ‘वयनी, वाचलात मा?’ ‘होय’ लिहिल्याशिवाय गडी हलत नाही. प्रश्न मलाच आहे. पेटी कोणी पाठवली ते त्यांना तेव्हाच कळलं होतं.

मुलगा म्हणतो, “आई, तो प्रश्न काढून टाकू, उगाच वेळ जातो.” मी म्हटलं, राहू दे. का, ते सांगितलं नाही. आता हे सगळं त्याला मेल करते आहे.