डावीकडची पुसट माणसं

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. देवापुढेसुद्धा नाही — तिथे मी इतकी वर्षं दुसरंच काहीबाही मागून वेळ मारून नेते. आता तुम्हाला सांगते, कारण रविवारपासून देवापुढे दुसरं काय मागायचं तेही सुचत नाही.

आमच्या नातीने, तन्वीने, नवा डिजिटल कॅमेरा घेतला. पण लेन्स तिला जुनीच हवी — आजोबांची. हे, म्हणजे तिचे आजोबा, एके काळी परळ-लालबागमधल्या लग्नांचे फोटो काढायचे. लेन्स कपाटाच्या वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेली. तन्वीने जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडायची मधली रिंग मागवली आणि फडकं सोडलं. मी हातातला चहा न पिताच मोरीत ओतला. कुणी बघितलं नाही. म्हातारीचा चहा कोण बघतं?

या लेन्सचं कडं हाताने फिरवायचं. जिथे चित्र नेमकं जमतं तिथे नव्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाल रेघा चमकतात. रविवारी तन्वी खोताच्या वाडीतल्या लाकडी घरांचे फोटो काढून आली आणि मोठे करकरून बघत बसली. "आजी, उजवीकडे बघ, खिळा न् खिळा दिसतोय. डावीकडे सगळं पुसट. कितीही फिरवलं तरी लाल रेघ येतच नाही. ही पडलीय कधीतरी, आतली काच तिरकी झालीय. थांब, आजोबांना विचारते."

आजोबा खाली पेपर आणायला गेले होते. जिन्यावर चपला वाजेपर्यंत वेळ होता माझ्याकडे. तेवढ्यात मी काय केलं? गवार मोडत बसले.

आता तेव्हाची मी ऐका. नवी नवरी, नाकापेक्षा मोती जड. सासूबाईंनी नथ दिली, आणि शेजारची म्हणाली, "मोती काचेचे वाटतात गो." झालं. आमच्या अंगात जव्हेरी संचारला. लेन्स उलटी धरली की भिंगासारखी चालते, हे मी ह्यांना निगेटिव्ह बघताना पाहिलेलं. हे आंघोळीला गेल्यावर लेन्स काढली, गॅलरीत उन्हात बसले आणि एक डोळा मिटून मोती पारखायला लागले — काय तो थाट. मोरीच्या दाराची कडी वाजली. हात सुटला. लेन्स लादीवर.

काच फुटली नाही. पदराने पुसली, जागच्या जागी ठेवली. मोती खरे की खोटे, ते आजतागायत कळलेलं नाही.

एवढंच असतं तर हसत हसत सांगितलं असतं. एवढंच नाही ना.

पुढच्याच लग्नात वऱ्हाडाच्या फोटोत डावीकडची माणसं पुसट आली. मग त्याच्या पुढच्याही. एका नवरीचा मामा भांडायला दारात उभा — सगळे दिसतात, मी एकटाच भूत का? ह्यांनी लेन्स उन्हात धरून पाहिली, डोळे चोळले. मग मला विचारलं, "पडलेली काय गो ही?" ओरडून नाही. नुसतं विचारलं. आणि मी — मी म्हटलं, "छे. मी कशाला हात लावते तिला?"

त्यांनी विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांवर नाही — माझ्यावर. लेन्स चांगली, म्हणजे आपलीच नजर गेली, असं धरून डोळ्यांचा डॉक्टर गाठला. डॉक्टर म्हणाले नजर उत्तम. ह्यांना वाटलं, डॉक्टर धीर देतोय. कॅमेरा विकला. लेन्स ठेवली, ती बिचारी चांगली आहे म्हणे. कॉटन ग्रीनला गोदामात नोकरी धरली. अजूनही बसचा नंबर स्वच्छ दिसत असतो, तरी बाजूच्या माणसाला विचारून खात्री करतात. लेकीच्या लग्नात कुणीतरी कॅमेरा पुढे केला, तर मागे सरले. "नको, माझ्याकडून माणसं पुसली जातात." मी तिथेच होते. अक्षता वाटत होते.

भीती कशाची होती? आधी त्यांच्या रागाची. पुढे पुढे — ते रागावणारच नाहीत याची.

चपला वाजल्या. तन्वीने विचारलं.

"नाय गो, पडली नाही कधी," हे म्हणाले. "मी तेव्हाच विचारलेलं हिला."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. गवारीची शीर निघत नव्हती. मी ती ओढत राहिले. म्हटलं, "नाही पडली."

"मग माझंच काहीतरी चुकतंय," तन्वी म्हणाली. कॅमेरा मांडीवर ठेवला आणि मुठीने डोळे चोळले. आधी उजवा, मग डावा. अगदी ह्यांच्यासारखे.

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "डोळे दाखवून घे बाळा. माझं असंच सुरू झालेलं."

मी गवार धुवायला घेतली.