हळदीच्या ओट्यावरचं जहाज

"पोर्ट!" कमांडर साहेब ओरडले.

बावीस पोरांनी एकदम हात उचलले आणि माधवरावांच्या उसाकडं बोट दाखवलं.

"स्टारबोर्ड!"

बावीस हात विहिरीकडं.

मी मेसच्या दारात पळी धरून उभा होतो. डाळ उतू चालली होती, पण माझं लक्ष डाळीत नव्हतं. पोरांनी चुकीचं बोट दाखवलं असतं तर माझी खोली, माझी खाट आणि दोन वेळचं जेवण हे सगळं त्या दिवशी संपणार होतं.

आधी मी तिथं कसा आलो ते सांगतो.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. सातवी अर्ध्यात सुटली. मामाच्या ओळखीनं मालवाहू जहाजावर लागलो. सतरा वर्षं किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरलो. मग मालकानं जहाज भंगारात काढलं आणि आम्हा सगळ्यांना बंदरावर उतरवून दिलं. घरी तोंड दाखवायची हिंमत नव्हती. वसमतहून हळद घेऊन आलेला एक ट्रकवाला चहाच्या टपरीवर भेटला. म्हणाला, "आमच्याकडं चल. एका सुभेदार साहेबाला मानूस पाहिजे." मी बसलो. हिंगोली नवा जिल्हा झाला त्यानंतर थोड्याच दिवसांतली ही गोष्ट.

सुभेदार साहेब फौजेतून निवृत्त. वसमतच्या बाहेर त्यांचं भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र होतं. म्हणजे पोलिसात, फौजेत जाऊ पाहणारी गावोगावची पोरं तिथं राहायची, पहाटे धावायची, दुपारी गणितं करायची. मला त्यांनी मेसमध्ये ठेवलं. दाखला मागितला नाही. पहिल्या थंडीत स्वतःचं फौजी ब्लँकेट दिलं. ते अजून माझ्याकडं आहे.

एक दिवस ते मेसमध्ये आले. "दत्ताराम, तू जहाजावर होतास ना? आपन नेव्हीची बॅच काढू. दिशांचे आन समुद्राचे विंग्रजी शब्द तू शिकव."

"साहेब, मी सातवी पण पुरी..."

"मी इचारलं का तुला?"

असा मी मास्तर झालो. पोरं मला मामा म्हणत. साहेबांनी हुकूम काढला की दुपारी दोन ते चार सर म्हणायचं. चार वाजून एक मिनिटानं मी परत मामा व्हायचो आणि कणीक मळायला बसायचो.

माझं इंग्रजी सगळं जहाजावर रंगवलेलं होतं. जे रंगवलेलं नव्हतं ते मला येत नव्हतं. पण जे येत होतं ते पक्कं होतं. जहाजाचं नाक म्हणजे बो. शेपूट म्हणजे स्टर्न. नाकाकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या अंगाला पोर्ट, त्याचा दिवा लाल. उजव्या अंगाला स्टारबोर्ड, दिवा हिरवा. जहाजावर डावं-उजवं म्हणत नाहीत, कारण माणूस फिरला की त्याचं डावं-उजवं फिरतं. जहाजाचं फिरत नाही.

वारा आणि प्रवाह यांचा घोळ मोठा. वेस्टर्ली वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. वेस्टर्ली करंट म्हणजे पश्चिमेकडं जाणारा. पुसेगावकडचा विलास नावाचा पोरगा होता, तो लगेच उभा राहिला.

"सर, काहून? शब्द एकच, मंग एक येऊन राहिला आन एक जाऊन राहिला, असं कसं?"

मी रात्रभर विचार केला होता, म्हणून उत्तर तयार होतं. "वाऱ्याला विचारायचं, कुठून आलास. पाण्याला विचारायचं, कुठं चाललास."

विलास म्हणाला, "व्हय, पाहुन्याला बी तसंच इचारतेत," आणि बसला. पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. पाहुण्यासकट.

जहाज दाखवायचं कसं हा प्रश्न होता. आमच्या भागातल्या माणसाला समुद्र म्हणजे येलदरीचं धरण. केंद्राशेजारी माधवराव नावाच्या शेतकऱ्याचा हळद वाळवायचा सिमेंटचा ओटा होता. लांबलचक, उत्तर-दक्षिण. हंगाम नसताना तो मोकळाच असायचा. माधवराव म्हणाले, "काढा की जहाज. फकस्त हळदीच्या टायमाला बुडवू नका." मी त्यावर ऑइलपेंटनं जहाज काढलं. बो उत्तरेला. मावळतीच्या कडेला लाल पट्टा, उगवतीच्या कडेला हिरवा. पोरं त्यावर उभी राहून शब्द म्हणायची. हळदीमुळं सगळ्यांचे तळवे पिवळे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. या भागात खेड्यातला माणूस डावं-उजवं फारसं म्हणत नाही. उगवतीची विहीर, मावळतीचा धुरा म्हणजे बांध, असंच चालतं. आल्यावर पहिल्याच महिन्यात मी ओट्यावर झोपलो होतो तर माधवराव ओरडले, "मामा, उगवतीच्या पायापाशी इंचू हाय!" मी उठून बसलो आणि उगवत कुठली याचा विचार करू लागलो. त्यांनीच येऊन विंचू मारला. सतरा वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, पण उत्तर-दक्षिण बघणं हे वरच्या साहेबांचं काम होतं. मला फक्त पोर्ट आणि स्टारबोर्ड.

तर एक दिवस विलासनं विचारलं, "सर, म्हंजी पोर्ट मावळतीला ना?"

मी ओट्याकडं बघितलं. लाल पट्टा मावळतीलाच होता. म्हणालो, "हो."

हीच माझी चूक. ती मला तेव्हा कळली नाही.

सुभेदार साहेबांच्या ओळखीचे एक निवृत्त नौदल अधिकारी, म्हणजे हेच कमांडर साहेब, पुण्यात होते. तिथल्या त्यांच्या वसतिगृहात निवडक पोरांना फुकट तयारी करून मिळायची. आमची पोरं कशी आहेत ते बघायला ते येणार होते. साहेबांनी त्यांना फोनवर सांगितलं होतं, "आमच्याकडं खास जहाजावरचा इन्स्ट्रक्टर हाय." मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्ताराम, हे जमलं तर बॅच चालंल. न्हाई जमलं तर केंद्रच बंद करावं लागतंय. तवा मेस बी न्हाई." ते रागानं बोलले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली.

आता पुन्हा त्या सकाळी येतो.

कमांडर साहेबांनी हुकूम दिला, "अबाउट टर्न!" ओट्यावरच्या पोरांनी पाठ फिरवली. तोंड स्टर्नकडं. "पोर्ट!"

बावीस हात पुन्हा उसाकडं.

कमांडर साहेबांच्या भुवया वर गेल्या. "सुभेदार, पुण्याची मुलं इथं हमखास फसतात. पाठ फिरली की स्वतःचा डावा हात दाखवतात. कमाल आहे."

सुभेदार साहेबांच्या मिशा हलल्या. मी डाळ उतरवली. देवाचे आभार मानायला सुरुवात केलीच होती, तेवढ्यात कमांडर साहेबांना उसाची ट्रॉली दिसली.

"जहाज चालतं करूया. चढा सगळे."

माधवरावांनी ट्रॅक्टर काढला. बावीस पोरं, दोन साहेब आणि मागच्या फळीला लटकलेला मी. ट्रॅक्टर फाटकातून उगवतीकडं निघाला.

"पोर्ट!"

बावीस हात मागं. थेट स्टर्नकडं.

कमांडर साहेबांना वाटलं, ऐकू आलं नसेल. पुढं रस्ता दक्षिणेला वळला. "पोर्ट!" बावीस हात उजवीकडं. म्हणजे बरोबर स्टारबोर्डला. एका पोराचं बोट चुकून डावीकडं गेलं होतं, तर शेजाऱ्यानं त्याचा हात धरून नीट केला.

"अरे, हे काय?"

विलास म्हणाला, "साहेब, मावळत तिकडंच हाय!"

त्याचं बरोबर होतं. मावळत तिकडंच होती. मी ज्या जहाजावर त्यांना शिकवलं ते कधी हललंच नव्हतं, आणि उगवत-मावळत तर त्यांच्या अंगातच होती.

ट्रॅक्टर परत आला. कमांडर साहेब खाली उतरले. "कोणी शिकवलं?"

सुभेदार साहेब माझ्याकडं बघत होते. "आमचे इन्स्ट्रक्टर. जहाजावर डेकला..."

गप्प राहिलो असतो तर भागलं असतं. पण ज्या माणसानं मला ब्लँकेट दिलं त्याला माझ्यापायी खोटं बोलायला लावायचं, हे जमेना. "मी, साहेब. डेकला नव्हतो. भंडारी होतो. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. सातवी पण पुरी नाही."

कमांडर साहेब घड्याळ बघून म्हणाले, "जेवणानंतर बोलू."

मी वाढायला गेलो. दोनदा मीठ घातलं की एकदाही नाही, ते आठवत नव्हतं. तेवढ्यात माधवराव पत्रावळ घेऊन मेसमध्ये आले.

"मामा, पोरं कशात फसली?"

मी सांगितलं. पोर्ट जहाजाचा असतो, जमिनीचा नाही. जहाज वळलं की तोही वळतो.

"आन येवढ्यासाठी तुमचा चेहरा पडला व्हय? अवो, माझा लाल्या कोन्या अंगाला असतो?"

लाल्या म्हणजे त्यांचा बैल. जोडीत कायम डावीकडं जुंपलेला. उजवीकडं जुंपला तर पाऊल टाकत नाही.

"गाडी वसमतला गेली तरी लाल्या डावाच, घरी परतली तरी डावाच. मावळतीला नांगरलं म्हनून त्याचं अंग बदलतंय का?"

मी पळी खाली ठेवली.

जेवणं होईतो गाडी जुंपली. लाल्याच्या शिंगाला लाल फडकं, उजव्या बैलाच्या, म्हणजे चंद्याच्या, शिंगाला हिरवं. पोरांना फक्त एवढंच सांगितलं, "लाल्या म्हणजे पोर्ट. चंद्या म्हणजे स्टारबोर्ड. बैलांचं डोकं म्हणजे बो."

"हात्तीच्या!" विलास म्हणाला. "मंग हे आधी काहून न्हाई सांगितलं? उगाच पेंट खराब केला."

काढून नेलेल्या हळदीच्या रानात गाडी गोल गोल फिरली. उत्तर, दक्षिण, आडवी, तिरपी. कमांडर साहेब मध्ये उभे राहून ओरडत होते आणि गाडीमागं चालणाऱ्या पोरांची बोटं लाल्याला चिकटलेली. एकही चुकेना. ते इतके रंगात आले की म्हणाले, "आता ॲस्टर्न!" म्हणजे मागं.

माधवरावांनी कासरा ओढला. लाल्या मागं येईना. चंद्यानं खाली बसून घेतलं.

"साहेब," माधवराव म्हणाले, "हे जहाज मागं जात न्हाई."

मग पुन्हा ट्रॉली. ट्रॅक्टर वळला की पोरं आपसात कुजबुजायची, "लाल्या कुठं असता?" आणि बोट बरोबर डाव्या फळीकडं जायचं. सुभेदार साहेब एकदाच चुकले. ते कुणाला सांगितलं नाही.

निघताना कमांडर साहेब माझ्यापाशी आले. मी हात पुसून उभा राहिलो.

"भंडारी होतात ना? मग तुम्हालाच ठेवा म्हणून सांगितलंय. आमच्या पोरांना पोर्ट-स्टारबोर्ड पुस्तकातून कळतं. स्वयंपाक्याला डाळ कुठल्या अंगाला सांडते त्यावरून कळतं." वळता वळता म्हणाले, "आज मीठ नव्हतं."

सहा पोरं पुण्याला गेली. विलास पुढं नौदलात लागला. पहिल्या फोनवर मला म्हणाला, "मामा, हितं साहेब पोर्ट म्हनला की मला लाल्याच दिसून राहिलाय." बॅच चालू राहिली, मेसही. मीही.

यातून मी एवढं शिकलो की मास्तरानं जहाज सिमेंटवर रंगवू नये, आणि रंगवलंच तर ते रोज थोडं हलवावं.

ओट्यावरचा पेंट मात्र बरीच वर्षं टिकला. हळदीच्या हंगामात तिथं कामाला येणाऱ्या बायांनी पोरांचं ऐकून ऐकून शब्द उचलले होते. सावली सरकली की एक दुसरीला सांगायची, "अगं शांताबाई, पोर्टकडचा ढीग पसर, ऊन येऊन राहिलं." आणि शांताबाई बरोबर मावळतीचा ढीग पसरायची.

त्यांना मी कधी दुरुस्त केलं नाही. त्यांचं जहाज खरंच कुठं जाणार नव्हतं. माझंही नव्हतं.