इथे दगड होता

"साफसफाईत हिचा हात कोणी धरणार नाही. रक्तातच आहे ना त्यांच्या!"

सर पाहुण्यांना म्हणाले. माझ्याच खुर्चीमागे उभे राहून. पाहुणे ज्या कंपनीचे, तिच्या पैशातून सरांचा जुना माहितीपट नवा होत होता. धूळ, ओरखडे काढायचं काम माझं. सगळे हसले. हिंजवडीच्या त्या थंडगार खोलीत माझे कान तापले. तरी मी गिळलं. कारण ते सर होते.

मी तान्ही असताना हे सर कॅमेरा घेऊन आमच्या गावात आले होते. आमची वस्ती हंडे घेऊन गावच्या पाणवठ्यावर निघाली होती. पहिल्यांदाच. वरच्या आळीतून दगड आले. एक आईच्या कपाळावर बसला. सरांनी ते सगळं टिपलं, मग कॅमेरा खाली ठेवून स्वतःचा रुमाल तिच्या डोक्याला बांधला. आमच्या घरची भाकरी खाल्ली. पुढे हे काम मला शिकवलं तेही त्यांनीच. आमच्या घरात त्यांच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती.

पाहुणे गेले आणि मी पाणवठ्याचा भाग तपासायला घेतला. फिल्मवरचा धुळीचा ठिपका एका चौकटीत असतो, पुढच्या चौकटीत नसतो. त्यावरून संगणक त्याला ओळखतो आणि पुसतो. उडता दगडही तसाच. आत्ता इथे, पुढच्या चौकटीत भलतीकडेच. मशीनने दगडांना धूळ समजून एकूण एक पुसले होते. आई हंडा घेऊन चालतेय. एकदम तिची मान मागे जाते. हंडा पडतो. कपाळातून रक्त. आणि वर स्वच्छ आकाश.

मी धावत सरांकडे गेले. वाटलं, हादरतील.

"सर, दगड गेलेत. मूळ प्रतीवरून परत बसवते."

"माहीत आहे मला." सर चहा ढवळत होते. "राहू देत तसंच. अगं, त्या आळीतली मुलं आज या पाहुण्यांच्याच कंपनीत मोठ्या खुर्च्यांवर आहेत. कशाला उगाच? मोर्चा दिसतोय ना?"

"आणि रक्त?"

"ते राहू दे. परिणामकारक आहे."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. दगड मारणाऱ्यांनी आम्हाला कधी आपलं म्हटलं नव्हतं. यांनी म्हटलं होतं.

धायरीला घरी येऊन आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबला.

"दगूडच न्हाई? मग बघनाऱ्याला काय वाटंल? मला फिट आली व्हती?"

ती उठली. ट्रंकेतून सरांचा रुमाल काढला. धुऊन, घडी घालून जपलेला. इतकी वर्षं.

"ह्यो त्येंचा त्येंला दे."

दुसऱ्या दिवशी मी दगड परत बसवले. एकेक चौकट, हाताने. मग रुमाल सरांच्या टेबलावर ठेवला.

"सर, दगड जागेवर आहेत. काढायचे असतील तर स्वतः बसा. सुरुवात माझ्या आईच्या कपाळापासून करा."

त्यांनी रुमालाकडे पाहिलं. ओळखला नाही.

"तुला उभं कोणी केलं, विसरलीस?"

"आईनं."

"उद्यापासून येऊ नकोस."

नाहीच गेले. माझ्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसवून त्यांनी दगड काढले असतील. काढू देत. हा माहितीपट जिथे दाखवतील तिथे मी आईला घेऊन जाणार. पहिल्या रांगेत बसणार. पडद्यावर तिची मान मागे गेली की उठून उभी राहणार आणि सांगणार, इथे दगड होता. कोणी मारला तेही सांगणार. आणि कोणी पुसला, तेही. नावानिशी.